चातुर्मासात सोडलेले पत्ते

१६ जुलै १९५९, आषाढी

आज ह्यांनी देवीसमोर नेम घेतला. कार्तिकीपर्यंत पत्ते बंद. लोक चातुर्मासात वांगी सोडतात, आमच्याकडे तीन पानी सुटते. म्हणे, "चार महिने सोडून दाखवलं की जुगार आपल्या मुठीत."

मुठीत असता तर सोडायची पाळी कशाला आली असती? विचारलं तसं.

२ ऑगस्ट

बाजारात दत्तोपंत भेटले. त्यांच्याच माडीवर डाव बसतो. "वहिनी, वसंतराव टिकायचे न्हाईत बरं का. तुमाला काय वाटतंय?"

"तुमच्या माडीला आग लागली तर मी घागर आणणार नाही, असं वाटतंय."

पोट धरून हसला माणूस.

१९ सप्टेंबर

शाळेत शिकवून आले तर हे घरात. हातात काही नाही म्हणून अडकित्ता उघडमीट, उघडमीट. डोकं उठतं. नीला म्हणते, "आई, बाबांशी जरा गोड बोल की."

हिला काय माहीत. माझ्या आईचे सोन्याचे गोठ त्या माडीवर गेले. पाटल्या तेवढ्या राहिल्यात. त्यांच्यावरच हिला औरंगाबादला कॉलेजात धाडायचं आहे.

१ नोव्हेंबर, पाडवा

माडीवरचा अंबादास बोलवायला आला. "आज तर खेळायचं शास्त्रच आहे, वसंतराव. आज पाप लागत न्हाई."

हे उठले नाहीत. पोरं तेरखेड्याचे फटाके उडवत होती, तिकडं बघत बसले. ओवाळताना पाहिलं — हातातली सुपारी अख्खीच होती. सुपारी मीच कातरून दिली.

११ नोव्हेंबर, कार्तिकी

नेम पुरा झाला. नीलाला पाटल्या घालून बघाव्यात म्हणून डबा उघडला. रिकामा.

"आहेत, आहेत," हे म्हणाले. "दत्तोपंतांकडं ठेवल्यात."

पैज! आषाढीच्या आदल्या दिवशीच लागलेली. हे टिकले तर दत्तोपंतांची पुष्कराजाची अंगठी ह्यांची, नाही टिकले तर पाटल्या त्यांच्या.

"अगं, पण जिंकलो की."

चार महिने हा माणूस जुगारच खेळत होता. आणि मी सुपारी कातरून दिली.

१२ नोव्हेंबर

हे पाटल्या आणायला गेले ते रिकाम्या हातानं आले. पाटल्या आणि अंगठी, दोन्ही पुन्हा डावावर. पुढच्या कार्तिकीपर्यंत पत्त्याला शिवायचं नाही.

शाळेत जाताना मी देवळात शिरले. हात जोडले आणि काय मागावं तेच कळेना. शेवटी मागितलं. आई भवानी, ह्यांना जिंकू दे.