मेळ्यातला शेवटचा ढोल

३ जानेवारी
सोसायटीच्या बोर्डावर नोटीस. २५ तारखेला समोरच्या मैदानावर लोककला, लोकसंगीत आणि घरगुती खाण्याचा मेळा. वाचून रक्त सळसळलं. आमच्या माळ्यावर आजोबांचा ढोल आहे. म्हणजे परंपरा घरातच आहे, फक्त तिच्यावर जुन्या गाद्या आहेत.

बायकोनेही नाव दिलं. लिंबाच्या लोणच्याचा स्टॉल. असू दे. मेळ्यात किरकोळ गोष्टीही लागतात.

४ जानेवारी
ढोल खाली काढला. एका बाजूला पोचा, पण आवाज दमदार. वाजवायला कधी शिकलो नाही. शिकावं लागतं ते उपऱ्यांना. संकल्प: रोज पहाटे तासभर रियाज.

५ जानेवारी
पहाटे थंडी होती. कलावंताने मनगटं जपलेली बरी. ऑफिसात टेबलावर बोटांनी रियाज केला. साहेबांनी विचारलं, फाइल कुठाय. या माणसाला कान नाहीत.

९ जानेवारी
आत्याला फोन. आजोबांची ही धाकटी लेक, तिला सगळं आठवतं. म्हणाली, बाबा ढोल शेतात वाजवायचे, पीक तयार झालं की. मला भरून आलं. वर मोकळं आकाश, खाली डोलणारं पीक, मधे आजोबा तल्लीन. ती पुढे काही सांगत होती, पण मीच थांबवलं. म्हटलं, कळलं आत्या, रक्तातच आहे आपल्या.

१४ जानेवारी, संध्याकाळी
आज खराखुरा रियाज. खालचे डॉक्टर वर आले. काही पडलं का, विचारत होते. म्हटलं, परंपरा आहे. म्हणाले, मग जरा हळू पाडा.

१८ जानेवारी
मेळ्याच्या सेक्रेटरींनी सगळ्यांना ऐकून घेतलं. मी सुरुवात केली आणि मागे बसलेलं भजनी मंडळ चहाला गेलं. चहावालाही गेला. सेक्रेटरींनी हात वर करून थांबवलं, वॉचमनशी काही कुजबुजले आणि चेहरा एकदम खुलला. निर्णय: माझा कार्यक्रम सर्वांत शेवटी, आठच्या ठोक्याला. माझ्यानंतर कुणीच नाही.

कुणाची हिंमत होणार?

बायकोला सांगितलं. ती बरणी पुसत राहिली, पण खांदे हलत होते. आनंदाश्रू असावेत.

२४ जानेवारी
बायकोने स्टॉल अगदी फाटकाजवळ मागून घेतला. म्हटलं, तिथून स्टेज दिसणार नाही. म्हणाली, दिसायला कशाला हवंय, ऐकू येईल की. एवढी श्रद्धा आहे हे माहीत नव्हतं. उगाच तिला कमी लेखत आलो.

२५ जानेवारी, झोपण्यापूर्वी
आठला मैदान तुडुंब भरलेलं. डोळे मिटले, आजोबांना आठवलं आणि जीव ओतून वाजवलं. डोळे उघडले तेव्हा समोर खुर्च्या होत्या. झाडावरचे कावळेसुद्धा नव्हते.

सेक्रेटरी धावत आले, मिठीच मारली. आठला मैदान रिकामं करून द्यायची अट असते म्हणाले. गेल्या वर्षी शिट्ट्या मारून वॉचमनचा घसा बसला, तरी लोक हलले नाहीत. म्हणून यंदा मी.

फाटकाशी ही झुंबड. बाहेर पडताना प्रत्येकाला लोणचं दिसलं. बायकोची एक बरणी उरली नाही.

वाईट वाटलं. खूप वाटलं. एकाने तरी बसायचं होतं.

२६ जानेवारी
एक जण बसली होती. आत्या. मागच्या रांगेत, अंधारात, शेवटपर्यंत. सकाळी फोन आला, आवाज भरलेला. म्हणाली, डोळे मिटले तर वाटलं बाबाच वाजवताहेत. अगदी तोच हात. मी विचारलं, खरंच? म्हणाली, खरंच रे. त्यांनी ढोल बडवला की शेतात एक पाखरू ठरायचं नाही. तुला त्या दिवशी तेच सांगत होते.

ढोल माळ्यावर टाकला, वर गाद्या टाकल्या.

दुपारी बायकोने तो परत खाली काढून पुसून ठेवला. पुढच्या वर्षासाठी माझं नाव देऊन आली आहे. लिंबं दुप्पट आणायची म्हणते.