तत्त्वात न बसणारं ऑपरेशन

तीर्थस्वरूप आत्यास साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात). तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे तिन्ही पोरं खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून सगळे खुशाल.

तिसऱ्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले, हे तुला ठाऊकच आहे. पुन्हा दिवस गेले तर खैर नाही, असं तेव्हाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्या गेल्या बदलून आणि त्यांच्या खुर्चीत आले तुझे चिरंजीव. म्हटलं, घरचाच डॉक्टर, मुलं बंद करायचं ऑपरेशन उरकून टाकू. तर त्यानं मला चहा पाजला, धाकटीचं वजन केलं, न विचारता माझे कान तपासले (कान ठणठणीत आहेत) आणि मग म्हणाला, "ताई, हे माझ्या तत्त्वात बसत नाही. देवाच्या देण्याला मी कात्री लावणार नाही." बरं बाबा, मग दुसरा डॉक्टर तरी सांग, म्हटलं. तर तेही नाही! नाव सांगणं म्हणजे पापात निम्मा वाटा म्हणे. निघताना मी सहज विचारलं, बस कुठून सुटते रे? तर पठ्ठ्या विचारात पडला (बस मोठ्या दवाखान्यावरून जाते ना!) आणि छताकडे बघत बसला. शेवटी सिस्टर मला स्टॉपपर्यंत सोडायला आल्या, आणि डॉक्टरचं नावही त्यांनीच सांगितलं.

हे सगळं ऐकून आमचे हे असे तापले की विचारू नकोस. बाईच्या जिवापुढे कसली आलीत तत्त्वं, वगैरे. मी म्हटलं, मग तुम्हीच करून घ्या की, पुरुषांचं सोपं असतं. तेव्हापासून ह्यांचीही तत्त्वं जागी झाली आहेत. हसू नकोस आत्या. मला भीती वाटते गं. ह्या तिघांना मला स्वतःच्या हातानं मोठं करायचं आहे.

तुझी भाची

ता. क. मोठ्या दवाखान्यात गुरुवारची तारीख मिळाली आहे. तिन्ही पोरं तुझ्याकडे आणून सोडते. तुझा लेक त्याच घरात राहतो, हे मी विसरलेले नाही. देवाचं देणं चार दिवस त्यालाही सांभाळू दे.

पुन्हा ता. क. "आमच्या आईनं असलं काही केलं नाही," असंही तो म्हणाला. तू त्याच ऑपरेशनला गेली होतीस, तेव्हा आईसाठी भोकाड पसरलेल्या त्याला कडेवर घेऊन घरभर फिरत होते ती मीच. त्याला सांगायचं की नाही, ते तू ठरव. गुरुवारच्या आत सांगितलंस, तर मला बस धरावी लागणार नाही.