चिमूटभर सावकार

बारामती,
११ जून २०२३

ती. तुळसाअक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर मी ओरडतो, तुझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि शेवटी तू बरं बरं म्हणून ठेवून देतेस. म्हणून पत्र. शिवाय बातमी कागदावरच शोभणारी आहे. तुझा धाकटा भाऊ, एसटीचा निवृत्त वाहतूक नियंत्रक, सावकार झाला आहे.

हसू नकोस. लेक पुण्याहून आली होती. बापाचे पैसे बँकेत झोपलेले दिशाला बघवेनात. तिने मोबाईलवर एक नवा प्रकार दाखवला. बिल्डरला इमारत पुरी करायला बँकेचं कर्ज अपुरं पडतं. उरलेली गरज तो एका संकेतस्थळावर मांडतो आणि गावोगावचे माझ्यासारखे शेकडो लोक त्याला थोडं थोडं कर्ज देतात. दीड वर्षाने मुद्दल आणि व्याज परत. घर आपलं नाही, भाडं आपलं नाही, फक्त व्याज आपलं. तारण इमारतीचं, पण तिच्यावर पहिला हक्क बँकेचा, मग आपला. बँकेपेक्षा व्याज जास्त का, असं विचारलं तर म्हणाली, पप्पा, भीती जास्त आहे म्हणून. मी म्हणालो, दिवाळीच्या गर्दीत स्टँड सांभाळलेल्या माणसाला कसली भीती!

तिचं म्हणणं होतं की पैसे वेगवेगळ्या शहरांतल्या आठ-दहा इमारतींत विभागून टाका. मला पटलं नाही. नाशिकची इमारत मला दिसणार कशी? मी सगळे एकीतच टाकले, आपल्या कालव्यापलीकडच्या. घरून सायकलवर दहा मिनिटं. डोळ्यांसमोर आहे ते सुरक्षित, हा माझा सिद्धांत. रोज सकाळी जाऊन उभा राहतो. गवंडी मला मालक समजतात, मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

इमारत मात्र देखणी. पूर्वेला मोकळं रान, वारा भरपूर, नळाला पाणी, दवाखाना जवळ. खालचे दोन मजले एका खोलीच्या छोट्या घरांचे, वर तीन खोल्यांची मोठी. बिल्डर रणजित पोरगेला आहे, पण वाकून नमस्कार करतो.

तुझी माया आहेच, तीत घट नसावी.

तुझा,
सोमनाथ

•

कळंब,
२६ जून २०२३

चि. सोमनाथ यास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

सावकारसाहेबांचं पत्र पोचलं. लहानपणी गोट्या उसन्या देऊन रडत घरी येणारा तूच, म्हणून थोडी काळजी वाटली. दिशा म्हणाली ते मला पटतं. एका टोपलीत सगळी अंडी ठेवून टोपलीकडे रोज बघत बसलं, म्हणून ती फुटायची थांबत नाहीत.

काही गोष्टी सविस्तर कळव. त्या छोट्या घरांत सकाळचं ऊन कोणत्या बाजूला येतं? दुसऱ्या मजल्याला जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत का? तुझ्या घरून चालत किती वेळ लागतो? बाजारात भाजीला सोबतीण मिळेल अशी वस्ती आहे का? नुसतं कुतूहल. निवृत्त मास्तरणीला प्रश्न विचारायची खोड असते.

इकडे ठीक. ह्यांच्या भावाच्या घरातली मागची खोली यंदा गळत नाही. पुतण्याने तिच्यात खताची पोती ठेवली आहेत, तेव्हा मला शेजार आहे.

दोन ओळी लिहीत जा, आणि व्याज मागू नकोस.

तुझी,
अक्का

•

बारामती,
१९ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू मध्ये एवढे प्रश्न विचारलेस की मला वाटलं, तूही सावकारीत उतरणार. उतरली नाहीस ते बरं झालं. मुदत डिसेंबरात संपली आणि पैसे आले नाहीत.

दोष कुणाचा म्हणशील, तर हिशेब चुकला. रणजितला वाटलं, काटेवाडीकडचे बागायतदार पोरांच्या शाळेसाठी तीन खोल्यांची घरं घेतील. पण त्यांचे स्वतःच्या रानात बंगले आहेत, पोरं पिवळ्या बसमधून येतात. घर हवंय ते एमआयडीसीतल्या कामगारांना आणि दवाखान्यातल्या नर्सना. त्यांना परवडतं छोटं, तेही बहुतेकांना भाड्याने. छोटी घरं गेली, मोठी पडून. तरी बोर्डावरचा भाव दोन वर्षांत एक रुपया उतरला नाही. बोर्डावर लिहिलं म्हणजे तो भाव होत नाही, तो गिऱ्हाईकाने द्यावा लागतो, हे मला आत्ता कळलं. पैसे टाकण्याआधी कळलं असतं, तर मी शहाणा ठरलो असतो.

आता आम्हा सगळ्या सावकारांचं मतदान आहे. रणजितला आणखी मुदत द्यायची, की इमारत आहे तशी विकून पैसे वसूल करायचे? बाकीचे इंदूर, नागपूर, कुठले कुठले. बारामतीत राहणारा मी एकटा. त्यांनी मलाच पाहणी करायला सांगितलं. अक्का, निवृत्तीनंतर इतका मान मिळाला नव्हता. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. चौथ्या मजल्याला गिलावा नाही, लिफ्टच्या खड्ड्यात पारवे, आणि रणजितच्या दारात नवी कोरी गाडी! फोटोंसह कडक अहवाल लिहिला आणि शेवटी ठणकावलं की दयामाया नको, विकून टाका. इंदूरच्या एका गृहस्थांनी मला वाघ म्हटलं. नक्कल सोबत जोडली आहे, जपून ठेव.

मतदान महिनाअखेर आहे. वारा आपल्या बाजूने आहे.

आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू दे.

तुझा वाघ,
सोमनाथ

•

कळंब,
२२ जानेवारी २०२५

चि. सोमनाथ यास,
आशीर्वाद.

अहवाल वाचला. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल शाईने दाखवल्या आहेत. मजकुराबद्दल आता सांगते, पण आधी बस.

त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेच्या बाजूचं एका खोलीचं घर माझं आहे. तुझं पहिलं पत्र वाचून दीड महिन्यात नोंदवलं. ताबा मिळाला की एक दिवस तुझ्या दारात उभी राहून तुला चकित करायचं ठरवलं होतं. ते राहिलंच. उलट तूच मला चकित केलंस. जन्मभर पोरांना गणित शिकवलं आणि घर घेताना आधार कशाचा, तर धाकट्या भावाने लिहिलं की वारा भरपूर आहे!

इमारत अशी विकली गेली तर माझं काय, हे इंदापूरच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, नोंदणी केलेल्यांना कायद्याचा आधार आहे, पैसे बुडणार नाहीत, पण वर्षं जातील. माझ्याकडे वर्षं किती आहेत, ते मी त्यांना विचारलं नाही.

आणखी एक. परवा रणजित इथं येऊन गेला. तू माझा भाऊ, हे त्याला नोंदणीच्या वेळी मीच कौतुकाने सांगितलं होतं. म्हणाला, मावशी, तात्यांना जरा मवाळ लिहायला सांगा, तुमचं घर सगळ्यांच्या आधी पुरं करून देतो. मी चहा दिला आणि म्हटलं, बाळा, तो लहानपणापासून माझं ऐकत न्हाय. गेला बिचारा.

तेव्हा माझ्यासाठी एक अक्षरही बदलू नकोस. मला खरंच तसं नको आहे. फक्त एवढं सांग, तू सगळी इमारत बघितलीस, की रागाने सरळ चौथ्या मजल्यावरच चढलास?

रात्री झोप येत नसेल तर कळव. मलाही येत नाही.

तुझी,
अक्का

•

बारामती,
२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून मी घरात वाघाचा उंदीर होऊन बसलो. वाईट याचं वाटलं की दीड वर्ष रोज त्या इमारतीसमोर उभा राहिलो आणि तिच्यात माणसं राहायला येणार आहेत, हे एकदाही मनात आलं नाही. मला नुसतं व्याज दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो, इस्त्री न करता. खालून एकेक मजला बघितला. दुसऱ्या मजल्यावर फरशी बसली आहे, खिडक्या लागल्या आहेत. तुझ्या घरात बराच वेळ उभा राहिलो. ऊन येतं. पुरं व्हायला रंग आणि नळ, एवढंच उरलं आहे. मोठ्या घरांपायी छोटीही अडकली आहेत. आणि ती नवी गाडी रणजितच्या मेहुण्याची निघाली. मी तिचे तीन बाजूंनी फोटो काढले होते.

घरी येऊन सगळ्या सावकारांना नवं पत्र लिहिलं. पहिला अहवाल अर्धीच इमारत बघून लिहिला होता, गाडीचा आरोप चुकीचा होता, त्याबद्दल माफी. आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं इथं घर आहे, मला ते आत्ता कळलं, तेव्हा माझ्या शब्दाचं वजन ज्याने त्याने कमी करून घ्यावं. रणजित तुझ्याकडे येऊन काय म्हणाला, तेही लिहिलं. शेवटी सुचवलं की मुदत द्यायचीच तर अटी घाला. छोटी घरं आधी पुरी करायची, मोठ्यांचा भाव उतरवायचा, आणि विक्रीचे पैसे रणजितच्या हाती न जाता वेगळ्या खात्यातून आधी बँकेला, मग आपल्याला.

इंदूरच्या गृहस्थांनी उत्तर लिहिलं की हा वाघ एका फ्लॅटसाठी विकला गेला. लागलं ते. दिशाचा फोन आला, तिला म्हटलं, तुझ्या बापाची अब्रू गेली. ती म्हणाली, पप्पा, आज पहिल्यांदा तुम्ही नीट सावकारासारखे वागलात.

निकाल काल लागला. अटींसह एका वर्षाची मुदत, थोडक्या मतांनी. व्याज अर्धं झालं. माझं मत मी टाकलंच नाही. बहिणीचा भाऊ आणि रणजितचा सावकार, या दोघांचं काही केल्या एकमत होईना.

राग असेल तर लिही, नसेल तरी लिही.

तुझा,
सोमनाथ

•

कळंब,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सोमनाथ यास,
पोटभर आशीर्वाद आणि जयभीम.

किल्ली मिळाली. लिफ्ट अजून नाही, पारव्यांचा ताबा कायम आहे. मोठ्या घरांचा भाव उतरल्यावर ती भराभर गेली, असं रणजितने सांगितलं. त्या हिशेबाने बघितलं तर चौरस फुटामागे सगळ्यात महाग घर माझंच पडलं, आणि सगळ्यात कमी व्याज तुझं. आपल्या आईबापांनी दोन मुलं शिकवली, ती ही. तुझं मुद्दल परत आलं, असं दिशाकडून कळलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. आता ते पुन्हा एकाच ठिकाणी टाकणार असशील तर तिला विचारल्याशिवाय टाकू नकोस.

रविवारी टेम्पो घेऊन ये. सामान फार नाही. एक कपाट, दोन पेट्या, भांडी आणि पुस्तकं. पुस्तकं जड आहेत, तेव्हा तुझ्यापेक्षा धडधाकट माणूस बरोबर आण.

काल वालचंदनगरला दाराच्या पाटीची ऑर्डर दिली. रंगारी म्हणाला, बाई, वर मालकांचं नाव टाकू का, तशीच पद्धत हाय. मी नाही म्हटलं. मग म्हणाला, निदान पुतण्याचं तरी. तेही नको म्हटलं. चाळीस वर्षं शाळेने दिलेल्या खोलीत राहिले, मग ह्यांच्या भावाच्या. कुठल्याच दारावर माझं नाव नव्हतं, आणि त्याचं मला फारसं काही वाटतही नव्हतं, असं मी समजत होते. रंगाऱ्याने कागद पुढे केला आणि म्हणाला, तुमीच लिहून द्या, चूक नको व्हायला. फळ्यावर हजारो नावं लिहिली असतील मी, पण काल स्वतःचं लिहिताना दोनदा खोडलं. तिसऱ्या वेळी नीट आलं.

बाकी भेटीत. लवकर ये, मी पहाटेच तयार असेन.

तुझी,
तुळसा