आईने आवरलेल्या खोलीच्या फेरपाहणीबाबत

प्रति,
मा. शाखाधिकारी,
लघुउद्योग कर्ज विभाग,
बाजारपेठ शाखा.

विषय: कागद कापायच्या मशीनसाठी आईने मागितलेले कर्ज नाकारताना मारलेला 'व्यवसाय आढळला नाही' हा शेरा मागे घेणेबाबत.
संदर्भ: आपली दि. ३ ची पाहणी (अवधी: एक कप चहा).

महोदय,

१. मी अर्जदार बाईंची मुलगी, इयत्ता दहावी. आई आमच्या एका खोलीत आठ वर्षं पुस्तकांची बांधणी करते. "साहेबांना नरमाईने लिही," असं ती म्हणाली आहे. नरमाई इथे संपली.

२. आपण येणार हे आदल्या दिवशी कळलं. मोठा माणूस घरी येणार म्हणून आईने खळीचं पातेलं शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलं, पुठ्ठे पलंगाखाली ढकलले, शिवणीला येणाऱ्या दोन्ही मावशींना सुट्टी दिली आणि फरशी तीनदा पुसली. मी हरकत घेतली असता मला दूध आणायला पिटाळण्यात आले.

३. आपण विचारलंत, "ताई, धंदा कुठाय?" आई संकोचून म्हणाली, "काही नाही हो, असंच आपलं थोडंफार." आपल्या घरच्या बायका स्वतःच्या कामाबद्दल वेगळं काय सांगतात? आपण मात्र ते शब्दशः उतरवून घेतलंत. वर शेरा: "खोली स्वच्छ. व्यवसाय आढळला नाही." महोदय, आपण बसलात तो दिवाण नव्हता. चादरीखाली कॉलेजच्या ग्रंथालयाची दोनशे पुस्तकं होती. आपण धंद्यावर बसून धंदा शोधत होतात.

४. वीस तारखेपर्यंत मशीन आलं नाही तर ग्रंथालयाचं उरलेलं सगळं काम दुसरीकडे जाणार, आणि मावशींची सुट्टी कायमची होणार. आपल्या खिडकीवर मी तीनदा आले. आधी दुकानाची पाटी मागण्यात आली, मग भाडेकरार, मग पूर्वी कर्ज फेडल्याचा दाखला. पहिलं कर्ज मागणाऱ्याने तो कुठून आणायचा? ज्यांना गरज नाही त्यांनाच कर्ज द्यायचं असेल तर तसा फलक लावावा, आमची चपलेची झीज वाचेल.

५. तरी फेरपाहणी करावी, आणि न कळवता यावे. आईला मी सांगणार नाही. "काय चाललंय?" हे तिला विचारू नये. मला विचारावे.

आपली,
('नम्र' हा शब्द आईच्या वतीने)
अर्जदाराची मुलगी
दि. १२

सोबत: खोलीचा आजचा फोटो. दार पूर्ण उघडत नसल्याने फटीतून काढला आहे.