वरच्या वस्तीवर पोहोचलेली जीप न पोहोचल्याप्रमाणे धरणेबाबत

प्रति,
मा. परिवहन अधिकारी साहेब,
वाहन तपासणी शाखा,
जि. बीड

अर्जदार : हनुमान सुंदरराव घोळवे, वय ६१ वर्षे, साखर कारखान्यावरील निवृत्त ड्रायव्हर, रा. मौजे कोळदरा, ता. केज, जि. बीड

विषय : जप्त असलेली फेरबदल केलेली जीप काल्याच्या कीर्तनापुरती एक दिवस सोडणेबाबत, तसेच सदर जीप यापूर्वी वरच्या वस्तीवर पोहोचली, ती न पोहोचल्याप्रमाणे धरणेबाबत.

संदर्भ : १) जप्तीची पावती, दि. २९/०१/२०२५
२) वाहन मूळ स्थितीत आणण्याची नोटीस, दि. ०५/०२/२०२५
३) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज (उत्तर अप्राप्त)

महोदय,

१) अर्जदार हात जोडून सादर करतो की, कोळदरा गावाच्या पाठीमागे डोंगरात वरची वस्ती नावाने नऊ घरे आहेत. अंतर साडेतीन किलोमीटर. पैकी निम्मे ओढ्याच्या पात्रातून आणि उरलेले दगडांच्या चढणीने. रस्ता नाही. दसरा झाला की वस्तीवरची कर्ती माणसे, बाया आणि गडी दोन्ही, ऊसतोडीला जातात ती पाडव्याच्या आसपास माघारी येतात. तोवर वस्तीवर असतात तीन म्हाताऱ्या आणि अकरा लेकरे. या म्हाताऱ्यांपैकी एक अर्जदाराची थोरली बहीण भिवराबाई, वय ७२. दोन वर्षांमागे शेळी वळवताना पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून चालणे बंद आहे. अर्जदार व त्याची पत्नी वनमाला यांनी "अक्का, खाली आमच्यात येऊन राहा" म्हणून अनेकदा विनविले. त्यावर तिचे म्हणणे असे की, "लेकरं कुणाच्या भरवशावर टाकू रे हणमा? आई फडात, बाप फडात. मी पडल्या पडल्या नुसती हाक मारली तरी चुलीपाशी जायला भितेत. मी न्हाई तर कुणाला भितील?"

२) पुढील मजकूर अर्जात लिहावा की नाही याचा अर्जदाराने विचार केला. परंतु तो वगळल्यास जीप कशासाठी बनवली हेच साहेबांना उमजणार नाही, म्हणून लिहितो. अर्जदाराच्या घरात कीर्तनाचे वेड आहे. त्यातही भिवराबाईचे अधिक. ती एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली. त्या सालापासून कोळदऱ्याच्या सप्ताहातले काल्याचे कीर्तन तिने चुकविलेले नाही. वस्तीवरून उतरून यायची, बायांच्या पुढच्या रांगेत बसायची. महाराज निरूपणाला उभे राहिले, मृदंगावर पहिली थाप पडली, की तिचा चेहरा असा होई की शेजारच्या बायाही महाराजांकडे बघायचे सोडून तिच्याकडे बघत. हाड मोडल्यावर पहिल्या वर्षी तिला बाजेवर घालून खाली आणले. बाजेला चार खांदे लागतात. वस्तीवर त्या दिवसांत चार गडी सापडत नाहीत. गावातले चार म्हातारे गोळा केले, त्यातला एक अर्जदार स्वतः. चढणीवर एकाचा पाय सरकला, बाज कलंडली व अक्का दगडावर आली. कीर्तन तिने ऐकले, परंतु त्या वर्षी तिला बसता आले नाही, आडवी पडून ऐकले. त्या दिवशी अर्जदाराने ठरविले की पुन्हा असे होऊ द्यायचे नाही.

३) अर्जदाराने तीस वर्षे जीप चालविलेली असल्याने एक जुनी फोर बाय फोर जीप लिलावात घेतली व ती केजचे मुबीन मिस्त्री यांच्याकडे दिली. मुबीन मिस्त्री यांनी तिला पिकअपचे इंजिन घातले, टायर मोठे बसविले, बॉडी सहा बोटे वर उचलली, पुढे दोर ओढायचे विंच लावले, आणि मागची सीट काढून तिथे आखूड बाज पट्ट्यांनी आवळून बसविली. गाडी देताना ते म्हणाले, "मामा, ही गाडी कागदाला चालायची न्हाई. डोंगराला चालंल. अगोदरच सांगून ठिवतो." सबब फेरबदलाला परवानगी लागते हे अर्जदारास माहीत नव्हते असे तो म्हणणार नाही. माहीत होते. घेतली नाही. ही चूक अर्जदाराची आहे, मुबीन मिस्त्री यांची नाही, हे कृपया नोंदवून घ्यावे. मागील साली याच जीपमध्ये बसून भिवराबाई काल्याला आली. पहिल्या रांगेत, बसून.

४) आता रस्त्याविषयी. वस्तीच्या रस्त्याची मागणी जुनी आहे. दि. १२ डिसेंबर रोजी त्याची पाहणी करण्यास रस्त्याच्या कार्यालयाचे एक साहेब आले. त्यांना वस्तीपर्यंत चालत जाऊन अंतर व अडचण पाहायची होती. साहेबांच्या पायात नवे बूट होते, आणि आमचे ऊन डिसेंबरातही दगडावरून परत अंगावर येते. वनमाला म्हणाली, "साहेबाला चालवत न्हेता व्हय? बरं दिसतं का ते?" अर्जदारालाही ते बरे दिसेना. दारी आलेल्याला उन्हात चालवू नये एवढे तरी इतक्या वर्षांच्या कीर्तनातून त्याने घेतले आहे. त्याने साहेबांना मानाने जीपमध्ये पुढे बसविले. चढणीवर साहेबांनी डोळे मिटून घेतले होते. वर भिवराबाईने शेळीच्या दुधाचा चहा पाजला. साहेब खूश होऊन गेले.

महिन्याने अहवाल आला. "सदर वस्तीवर चारचाकी वाहनाने पंचवीस मिनिटांत पोहोचता येते. सबब रस्त्याच्या कामाची तातडी दिसून येत नाही." रस्ता यादीतून निघाला. अहवालात एक अक्षरही खोटे नाही, ही खरी अडचण आहे. अर्जदाराने तो भिवराबाईला वाचून दाखविला तेव्हा ती म्हणाली, "तू त्यास्नी चालत आणायचं व्हतं हणमा. दोन जागी बसले असते, पाणी मागितलं असतं, तर रस्ता झाला असता." अर्जदार म्हणाला, "पाहुण्याला चालत कसं आणायचं अक्का?" ती म्हणाली, "ते बी खरंय."

५) नोटिशीत असे नमूद आहे की सदर जीप साहसी स्पर्धेत वापरल्याचे दिसून येते. त्याबाबत खुलासा असा की, दि. ५ जानेवारी रोजी अर्जदार भिवराबाईला रविवारच्या भजनास खाली आणीत होता. ओढ्याच्या पात्रात शहरातून आलेल्या तरुणांच्या पाच गाड्या होत्या. रस्ता सोडून दगडा-चिखलातून गाडी घालायची अशी त्यांची हौस होती, व तिला ते ऑफ-रोडिंग म्हणत होते. पैकी तीन गाड्या चिखलात रुतल्या होत्या. मागून भिवराबाई म्हणाली, "एवढ्या मोठाल्या गाड्या, अन् डबक्यात म्हशीवानी बसल्यात बघ. काढ लेकरांना." अर्जदाराने विंच लावून तिन्ही गाड्या काढल्या. तरुण चांगले होते. "काका, हा ट्रॅक तुम्ही रोज करता?" असे त्यांनी विचारले. अर्जदार म्हणाला, हा ट्रॅक न्हाई, ही बहिणीकडं जायची वाट हाय. ते हसले. त्यांनी व्हिडिओ घेतला, अक्काच्या पाया पडले, आणि पहिल्या क्रमांकासाठी आणलेले स्टिकर अर्जदाराला दिले. कौतुकाने दिलेली वस्तू ठेवून द्यायची नाही म्हणून अर्जदाराने ते काचेवर चिकटविले. व्हिडिओत "गाडी कुणी बनवली" असे विचारल्यावर त्याने मुबीन मिस्त्री यांचे नाव, गल्ली व गॅरेजचा पत्ताही अभिमानाने सांगितला. मुबीन मिस्त्री नंतर म्हणाले, "नाव कावून घेतलं मामा? घेतलं तर घेतलं, पत्ता बी?"

हा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिल्याचे समजते. दि. २९ रोजी अर्जदार सप्ताहाच्या सामानासाठी केजला गेला होता, तेथे तपासणी पथकाने व्हिडिओवरून व स्टिकरवरून गाडी ओळखून जप्त केली. पथकातील साहेब सभ्यपणे वागले. त्यांनी कायद्याप्रमाणे केले. तक्रार त्यांच्याविषयी नाही.

६) नोटिशीप्रमाणे वाहन मूळ स्थितीत आणल्यास सोडण्यात येईल. मूळ इंजिनाची चौकशी केली असता मुबीन मिस्त्री म्हणाले, "ते कवाच भंगारात गेलं मामा. आतापर्यंत त्याचे तवे झाले असतील." दुसरे तसे इंजिन शोधून, लहान टायर लावून, बॉडी खाली आणून, विंच व बाज काढून गाडी मूळ स्थितीत येईलही. परंतु मूळ स्थितीतील गाडी ओढ्याच्या पहिल्या वळणावर थांबते. अर्जदाराने ती घेतल्याबरोबर करून पाहिले होते. म्हणजे जी गाडी सुटेल ती वर जाणार नाही, आणि जी वर जाते ती सुटणार नाही.

७) यावर अर्जदाराने रस्त्याच्या कार्यालयात जाऊन विनविले की, आता जीपच राहिली नाही, तरी रस्ता परत यादीत घ्यावा. तेथे असे सांगण्यात आले की, "वाहन पोहोचल्याची नोंद झालेली आहे. ज्या ठिकाणी वाहन पोहोचले त्या ठिकाणी वाहन पोहोचत नाही असं आम्हाला लिहिता येत नाही." तेथून अर्जदार आपल्या शाखेत आला. खिडकीवरील कर्मचारी म्हणाले, "बाबा, रस्ताच न्हाई तिथं गाडी न्यायची कशाला?" दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. अर्जदार मात्र दोन्हींच्या मध्ये एसटीने हेलपाटे घालतो आहे. एका कागदावर रस्ता आहे कारण गाडी गेली, दुसऱ्या कागदावर गाडी नाही कारण ती रस्त्याची नाही. या दोन कागदांच्या वर डोंगरात एक बाई बसलेली आहे, तिची नोंद कोठेच नाही.

८) सबब अर्जदाराची विनंती अशी :

(अ) जीप फक्त रविवार दि. २३ रोजी एक दिवस सोडावी. डांबरी रस्त्याला चाक लागणार नाही. आपल्या शाखेतून गावापर्यंत ती दुसऱ्या वाहनावर लादून नेऊ, तशीच परत आणू. सोबत आपला माणूस द्यावा. त्यांच्या जेवणाची सोय काल्याच्या पंगतीत होईल.

(आ) ते शक्य नसल्यास, सदर जीप बेकायदेशीर असल्याने दि. १२ डिसेंबर रोजीचे तिचे वस्तीवर पोहोचणे हे न पोहोचल्याप्रमाणे धरण्यात यावे, व तसे पत्र रस्त्याच्या कार्यालयास द्यावे. साहेब तेव्हा जीपमधून वर गेले नव्हते असे लिहू नये, कारण ते गेले होते. गेले ते धरू नये, एवढेच लिहावे.

(इ) तेही नियमात बसत नसल्यास, यांपैकी काहीच होणार नाही असे लेखी कळवावे. अर्जदार ते भिवराबाईला वाचून दाखवील. "साहेब बघतेत, साहेब करतेत" असे त्याने तिला पुष्कळ वेळा सांगून झाले आहे.

९) सप्ताह सोमवारी दि. १७ रोजी बसला. काल दि. १९ रोजी शिवजयंतीची सुट्टी असल्याचे माहीत असूनही अर्जदार कोणी भेटेल म्हणून येऊन गेला. कोणी नव्हते. आज गुरुवार. उद्याचा शुक्रवार हा कामाचा एकच दिवस हाती आहे. शनिवार-रविवार कार्यालय बंद, आणि रविवारी सकाळी दहाला काल्याचे कीर्तन उभे राहील. एका दिवसात फाईल फिरत नाही हे अर्जदाराला इतक्या वर्षांच्या नोकरीवरून कळते. तरी अर्ज करीत आहे, त्याचे कारण मंगळवारचे आहे.

मंगळवारी दुपारी अर्जदार पायी वर गेला होता. आदल्या दिवशीचे कीर्तन त्याने फोनमध्ये भरून नेले होते. वस्तीवर रेंज नाही. भिवराबाईने फोन बाजूला सारला. "डबीतलं नगं मला. माणसात बसून ऐकायचं असतं ते." मग तिनेच अर्जदाराची समजूत घातली की, "तू कावून जीव जाळतो? हितं समदं ऐकू येतंय. वारं खालून असलं की भोंग्याचा आवाज सरळ वर येतो. काल महाराजांनी लई गोड चाल लावली व्हती." बाया-माणसांना उजेडात घरी परतता यावे म्हणून आमच्या गावी रोजचे कीर्तन दुपारी चारलाच सुरू होते. चार ते पाच अर्जदार तिच्यापाशी बसून राहिला. वारा खालूनच होता. लेकरेही गप्प होती. अर्जदाराचे कान चांगले आहेत. त्याला काहीएक ऐकू आले नाही. भिवराबाई डोळे मिटून भिंतीवर बोटांनी ठेका धरीत होती. मध्येच तिने अर्जदाराच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारले, "ऐकलं का?" अर्जदार "व्हय" म्हणाला.

वरील सर्व मजकूर अर्जदाराच्या माहितीप्रमाणे खरा आहे. तो खोटे बोलला ते एवढेच, व ते बहिणीशी.

साहेबांच्या वेळेबद्दल क्षमा मागून,

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
हनुमान सुंदरराव घोळवे
ठिकाण : बीड
दि. २०/०२/२०२५

सोबत :
१) जप्तीची पावती व नोटीस, झेरॉक्स प्रती
२) रस्त्याच्या पाहणी अहवालाची प्रत
३) भिवराबाईच्या खुब्याच्या फोटोचा कागद
४) सप्ताहाची पत्रिका (साहेबांना सहकुटुंब निमंत्रण)