सावकाश केलेला कीबोर्ड

अण्णा,

आज दुपारी तुमची नात माझा कॉम्प्युटर पुढ्यात घेऊन बसली होती. "आई, केवढा रखडतोय गं हा! सेटिंग्ज बदलून देते, मग बघ कसा पळतो." नको ते एकेक बंद करत चालली होती. मी शेजारी बसून वाल सोलत होते. ती कीबोर्डच्या सेटिंगवर आली आणि मी एकदम खेकसले, "तिथे हात लावू नकोस!" पोरगी दचकलीच. तिने तुम्हाला पाहिलेलंही नाही, तिला काय कपाळ समजावणार? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

मुलुंडला स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत तुमचा टायपिंगचा क्लास. टाईपरायटर सगळे एकदम सुरू झाले की खालचा शिंपी वर बघून शिव्या घालायचा. मी शाळेतून थेट तिथेच यायचे. घरी तुम्ही अण्णा आणि क्लासात सर. तिथे चुकून "अण्णा" तोंडातून गेलं तर तुम्ही ओसुद्धा द्यायचा नाहीत. एक अक्षर चुकलं की पान टराटरा फाडायचात. माझंही फाडलंत, परीक्षेच्या आदल्या दिवशी, सगळ्यांसमोर. आई डबा घेऊन आली होती, ती म्हणाली, "अहो, पोर आहे ती." तुम्ही म्हणालात, "पोर घरी. इथे विद्यार्थी आहे." त्या दिवशी मला तुमचा असा राग आला होता की जेवलेच नाही. पण त्याच बोटांवर मला अंधेरीला कंपनीत नोकरी लागली, आणि कंपनीत कॉम्प्युटर आले तेव्हा सगळ्यांत आधी मला त्याच्यासमोर बसवलं.

मग तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. तोंड सावरलं, पाय सावरला, उजवा हात काही पुरता आला नाही. टाईपरायटरची की ठोकायला जोर लागतो, तो बोटांत उरला नव्हता. तुम्ही खुर्चीत बसून नुसते पोरांचे आवाज ऐकायचात. पोरंही कमी होत गेली. समोरच्या इमारतीत कॉम्प्युटर क्लासची निऑनची पाटी लागली होती. कंपनीने एक जुना पीसी काढून टाकला, तो मी टॅक्सीत घालून घरी आणला. म्हटलं, याच्या की मऊ आहेत अण्णा, बघा तर खरं. तुम्ही त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलंत आणि म्हणालात, "एक पान बिनचूक आलं तर क्लास चालू ठेवीन. नाही तर पाटी उतरवायची." तुम्ही बोललात म्हणजे संपलं, हे आई आणि मी दोघी ओळखून होतो.

आणि तुम्ही बसताय. 'डिअर सर'चा डी दाबताय. बोट खाली जातंय, पण उचलायला वेळ लागतोय, आणि पडद्यावर डी डी डी डी, ओळभर डी. टाईपरायटरवर बोट कितीही रेंगाळलं तरी अक्षर एकच उमटतं. हा मेला धरून ठेवलं की थुईथुई कारंजं. तुम्ही पुन्हा बसलात, पुन्हा तेच. शेवटी त्याच्यावर टॉवेल टाकलात आणि गॅलरीत जाऊन उभे राहिलात. मला तुमची पाठ बघवेना.

ऑफिसात तेव्हा सगळ्यांना वेगाचं वेड. हे वाढव, ते काढ, टर्बोचं बटण दाबून ठेव. मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला विचारलं, की दाबून धरली तर अक्षर लगेच परत उमटू नये, असं काही करता येतं का? ती हसायलाच लागली. "वेडी झालीस का गं? लोक फास्ट करायला मरतायत आणि तू स्लो कसलं करतेस?" पण तिनेच शोधून दिलं. तेव्हा मशीन ज्यावर चालायचं त्या डॉसमध्ये त्यासाठी हुकमाची एक ओळ होती. ती मी मशीन चालू होताना आपोआप चालणाऱ्या फाईलमध्ये घातली. अक्षर आता पुरतं थांबायचं, तुमच्या बोटाला उठायला वेळ द्यायचं.

रविवारी सकाळी तुम्ही अख्खं पान बिनचूक काढलंत. आईने शिरा केला. तुम्ही पान वरून खाली वाचलंत, मग माझ्याकडे बघितलंत. "काय केलंस?"

मी सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळेल. तुमचा चेहरा उतरला. "परीक्षेच्या हॉलमध्ये मशीन पोरांसाठी थांबणार आहे? मग मी कुठल्या तोंडाने त्यांना शिकवू? काढ ती ओळ."

"अण्णा, तुम्हाला कुठे परीक्षेला बसायचंय?"

"काढ म्हटलं ना!"

काढली. चिडून, कीबोर्ड आपटून काढली. तुम्ही त्यावरही बोललात, "मशीनवर राग काढू नको." मग रोज सकाळी आंघोळ करून तुम्ही बसायचात आणि रोज ओळभर अक्षरं सांडायची. आई देवाला हात जोडायची. मी ऑफिसला निघताना तुमच्याकडे बघायचंच टाळायचे. दिवाळीनंतर एक दिवस घरी आले तर पाटी भिंतीला टेकवलेली. कोणाला हाक न मारता, एका हाताने तुम्ही ती क्लासवरून उतरवून घरी आणली होती. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. बोलले असते तर भांडलेच असते.

त्यानंतर तुम्ही कॉम्प्युटरकडे फिरकला नाहीत. आणि एका शनिवारी मी भाजी निवडत असताना मागे येऊन उभे राहिलात. "ती तुझी ओळ परत घालशील का? तुला वेळ असेल तर." तुम्हाला आत्याला पत्र टाईप करायचं होतं, एवढंच. आई खूश झाली, म्हणाली, "बघ, आले ना वळणावर!" तुमचं ते शेवटचं पत्र, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं. पुढच्याच महिन्यात तुम्ही गेलात. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कॉम्प्युटरचा कीबोर्ड मी तसाच सावकाश करून ठेवत आले.

हे पाठवायचं तरी कुठे? सेव्हसुद्धा करणार नाहीये. पण एक गोष्ट आईलाही कधी सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. त्या शनिवारी तुम्ही इतक्या मऊपणे विचारलंत ना, मी घाबरले अण्णा. ओळ घालताना तुम्ही मागेच उभे होतात. मी मुद्दाम चुकीचं बोट वापरलं, मुद्दाम एक अक्षर चुकवलं आणि तसंच ठेवून थांबले. वाटलं, आता ओरडाल.

तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "असू दे गं."