‘क्लूड-अप’ म्हणजे काय

कोपरखैरणे,
२२ नोव्हेंबर १९९६

प्रिय ऋताताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. साताऱ्यात थंडी पडली असेल, मामीच्या गुडघ्याला जप. इकडे ऋषीचा खोकला गेला, शाळा सुरू झाली.

“निघताना आशुतोषराव मला क्लूड-अप म्हणाले, म्हणजे काय गं?” असं विचारलंयस. डिक्शनरी काढली. एखाद्या विषयाची सगळी खबरबात असलेला माणूस. बोलण्यातला शब्द आहे, अर्जाबिर्जात लिहू नये. ‘क्लूड-अप अबाउट शेअर्स’ असा वापरतात. लग्नाला पाच वर्षं झाली, मला हे कधी तसं म्हणाले नाहीत. मला म्हणतात, “वैशाली, भाजी छान झालीय.”

दिवाळीत तुम्ही दोघं बाल्कनीत निवडणुकांपासून म्युच्युअल फंडापर्यंत बोलत होतात, मी आत पुऱ्या तळत होते. जळत होते मी, ताई. सरळच लिहिते.

तू गेल्यावर यांनी विचारलं, “एवढी माहिती असलेली मुलगी त्या दिवशी एक शब्द का बोलली नाही?” मी कपाट आवरायला घेतलं.

ठाण्याला आमच्या घरी हे तुला बघायला आले होते, तो दिवस. सकाळीच हे स्थळ आणणारे मधुकरकाका मला म्हणाले होते, “ऋताला सांग, मोकळेपणी बोल. मुलाला चार गोष्टी ठाऊक असलेली बायको हवीय.” मी यांचा फोटो आधीच पाहिला होता. तुला साडी नेसवताना मी सांगितलं, “फार बोलू नकोस, त्यांना शांत मुलगी हवीय.” वाशीला रेल्वे कधी येणार, असं यांनी विचारलं, तेव्हा तू मान खाली घालून बसलीस. पोह्यांच्या बशा देता देता उत्तर मी दिलं. आदल्या दिवशी तूच पेपर वाचून मला सांगितलेलं! महिन्याभरात मागणी माझ्यासाठी आली. माझ्या मेंदीच्या रात्री तू माझ्याबरोबर जागलीस.

आता ऐक. वाशीच्या एका शाळेत बी.एड. झालेली शिक्षिका हवी आहे. अर्ज तीस तारखेच्या आत पोचायला हवा. “ऋताला कळव, आपल्याकडेच राहील,” असं हे आठ दिवसांपूर्वीच म्हणाले होते. आठ दिवस जाहिरातीचं कात्रण मी गव्हाच्या डब्याखाली ठेवलं होतं. सोबत पाठवतेय, पत्र स्पीडपोस्टनं टाकतेय.

अर्ज कर. नोकरी तुलाच मिळेल. पण राहायला आमच्याकडे येऊ नकोस, ताई. एवढी चांगली मी अजून झालेले नाही.

‘तुझी’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,
वैशाली